कारणाचा रकाना

मु. पो. दांडी,
१५ नोव्हेंबर २०२४

ती. वत्सलाआत्यास,
दर्पणचा सा. न. वि. वि.

मागचं पत्र तू लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलंस, म्हणून या वेळी नमस्कारापासून सगळं नीट लिहितोय. शाळेतून निवृत्त झालीस तरी मास्तरीण ती मास्तरीणच. तुला ऐकू येत नाही नि मोबाईल नको, तेव्हा मलाच पेन धरावं लागतं. कॉलेज सोडल्यापासून तेवढंच काय ते लिहिणं.

कॉलेजचं पुन्हा विचारू नकोस. वर्गातला तो पोरगा आपल्या अपूच्या अंगावरच्या निळ्या डागांवरून घाण बोलला, मी त्याला जिन्यावरून ढकललं, नि माफीचा अर्ज लिहायला सांगितला तेव्हा दुसऱ्या वर्षाची पुस्तकं तिथंच टेबलावर ठेवून आलो. बोईसरला कारखान्यात पिंपांना लेबलं लावायचं काम आहे, कंत्राटी. बाबा बोलत नाहीत. होडीवर नेत होते, पण तुला माहीतच आहे, दांडीच्या कोळ्याचा मुलगा नि वारा फिरला की ओकतो. आई सांगते, आख्ख्या गावात असा एकच हाय.

खरी बातमी अपूची. होड्या ओढतात त्या उतारावर घसरली, गुडघा फुटला. तिचं रक्त थांबत नाही हे आपल्याला पाठ आहे, पण बोईसरच्या नर्सिंग होममधला डॉक्टर पट्टी बांधून बसून राहिला, बघू म्हणाला. दोन तास. मी टेबलावर हात आपटला. तेव्हा कुठे त्यानं प्लेटलेटचा कागद लिहिला, खाली ‘नातेवाईकांच्या आग्रहावरून’ असं लिहून माझी सही घेतली. घेऊ दे.

पालघरच्या रक्तपेढीत गेलो. मला वाटलं, माझंच काढून तिला देतील. तर तिथली हेमाली म्हणून एक टेक्निशियन आहे, वडराईची, ती म्हणाली की सख्ख्या भावाचं चालत नाही, उलटा त्रास होऊ शकतो. माझी पिशवी दुसऱ्या कुणाला जाईल नि कुणा परक्याची अपूला. दीड तास खुर्चीत पडून राहायचं, मशीन एका नळीनं रक्त घेतं, त्यातले कण काढून उरलेलं परत देतं. परत येताना रक्त गार लागतं. मला कुडकुडायला झालं तर हेमालीनं स्वतःची शाल आणून टाकली. ती पिशवी फ्रीजमध्ये ठेवायची नसते, हलती ठेवायची असते, हेही तिनंच सांगितलं. म्हणून मी सगळा रस्ता मांडीवर खोका हलवत आलो. रिक्षावाल्याला वाटलं आत पोर आहे.

अपू बरी आहे. घरी मात्र माझ्याच रक्तानं थांबलं असं समजतात. मीही तसंच समजू दिलं. बाबांनी त्या दिवशी जेवताना माझ्यापुढे बोंबील सरकवला.

माया आटू देऊ नकोस.
तुझा,
दर्पण


केळवे,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. दर्पण यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शुद्धलेखन सुधारलंय. अपेक्षाच्या गुडघ्याबद्दल तू सहा ओळी लिहिल्यास आणि त्या शालीबद्दल, मशीनबद्दल, वडराईच्या मुलीबद्दल पान भरलंस. मी बहिरी आहे, आंधळी नाही.

मुलगी चांगली असेल. पण एक आठवण देते. अपूचा पहिला दात पडला तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि चार दिवस उशी भिजत होती. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात निदान झालं त्या दिवशी तुझ्या बाबांबरोबर मी होते, तेव्हा कान शाबूत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तिच्या रक्तात प्लेटलेट पुरेशा आहेत, पण त्या एकमेकींना धरत नाहीत. माझा भाऊ कमलाकांत म्हणाला, म्हणजे जाळं हाय पण गाठी नाय. बाई हसल्या आणि हो म्हणाल्या. लाखात एखाद्याला होणारा हा आजार, जन्मभराचा. मग त्यांनी एक पिवळं कार्ड दिलं. त्यावर लिहिलंय की नाक, हिरडी, खरचटणं यांना दाबून धरा, बर्फ लावा, गोळी द्या, वाट बघा. परक्या प्लेटलेट अगदी जिवावर बेतलं तरच. फार वेळा दिल्या तर शरीर त्यांना शत्रू समजायला लागतं आणि खऱ्या वेळेला त्यांचा उपयोग होत नाही.

ते कार्ड तुमच्या देव्हाऱ्याच्या मागे ठेवलेलं असायचं. काढून वाच. डॉक्टर दोन तास थांबला तो आळसानं थांबला असेलच असं नाही.

आणि माझ्या भावाशी बोल. बोंबील सरकवणं हे त्याच्या भाषेत पुष्कळ झालं.

अधिक काय लिहू. जपून असा.
तुझी आत्या,
वत्सला


दांडी,
२१ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता म्हणून दोन महिने लिहिलं नाही. आता उतरलाय, थोडा.

कार्ड वाचलं. सात वर्षांपूर्वीचं आहे ते. तू केळव्यात नारळाखाली बसून वाट बघा म्हणतेस. इथं पोरीच्या नाकातून धार लागते, आई पदर लावून उभी राहते, शेजारची राहीबाई येऊन कुणाची नजर लागली ते विचारत बसते. मी वाट बघू शकत नाही. माझ्यात ते नाहीच. डिसेंबरात दोनदा गेलो, या महिन्यात दोनदा. नर्सिंग होमचा डॉक्टर आता वादच घालत नाही, मला बघितलं की कागद पुढे ओढतो.

हेमालीबद्दल तू बरोबर ओळखलंस, लपवून काय करू. तिचे वडील वारले, धाकट्या बहिणीचं शिक्षण तिच्यावर आहे. ती सुई लावताना बोलत असते म्हणजे आपलं लक्ष दुसरीकडे राहावं. मला बोलायला लावते. कॉलेज पुन्हा सुरू कर म्हणाली, आणि आत्या, मला राग आला नाही. हेच तू म्हणालीस तर येतो. दीड तास माझा एक हात तिच्या ताब्यात असतो नि मी कुणाशी भांडत नाही. एवढं शांत मला समुद्रावरही वाटत नाही नि घरात तर नाहीच.

मागच्या खेपेला तिनं विचारलं की एवढ्या लवकर लवकर का लागतात, मुंबईच्या डॉक्टरांना सांगितलंय का. मी हो म्हणालो. सांगणारच आहे, त्यात काय.

बाबांनी परवा पहिल्यांदा मला पाठीवर थोपटलं. होडीवरच्या जिव्याकाकाला म्हणाले की पोरानं बहिणीला धरून ठेवलीय.

एवढं वाचूनही लोभ उरला तर उत्तर धाड.
दर्पण


दांडी,
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

मी आठवीत आहे नि हे माझं स्वतःचं पहिलं पत्र आहे, त्यामुळे लाल शाई लावू नको. हे पत्र लिहिलंय ते दादाला सांगायचं नाही. शप्पथ घातली आहे असं समज.

मी बरी आहे. सगळे मला काचेची बरणी समजतात. शाळेत खो-खो नाही, घरी विळी नाही, करंदी सोलायची नाही, दात घासायचे तर लहान बाळाचा ब्रश. वर्गातली एक मंगळी तेवढी माझ्याशी नीट भांडते. ती चिमटे काढत नाही, बाकी सगळं करते.

आत्या, तुला एक विचारायचं आहे. दादा फार घाई करतो. नाकातून रक्त आलं की मी नाक दाबून खाली वाकून बसते, मुंबईच्या बाईंनी शिकवलं तसं. बहुतेक वेळा अर्ध्या तासात थांबतं. पण दादा दहाव्या मिनिटाला रिक्षा घेऊन उभा. मग सुई. सुईच्या जागी आठ दिवस काळंनिळं राहतं, नाकापेक्षा तेच जास्त दुखतं. दोन वेळा तर बोईसरला पोचायच्या आधीच थांबलं होतं. मी रुमाल तसाच धरून ठेवला.

का ते सांगते, हसू नको. पालघरला जायचं असलं की दादा त्या दहा मिनिटांतही आंघोळ उरकतो. नळावर शीळ घालतो. परत आला की आईशी पण नीट बोलतो, बाबांशी पण. मग आठ-दहा दिवस घरात भांडण नसतं. मला सुई चालते गं. पण मागच्या वेळी पिशवी लावल्यावर मला खूप थंडी भरली नि ताप आला, पहिल्यांदा असं नव्हतं व्हायचं. नर्सनं इंजेक्शन दिलं मग गेलं. मी घरी नाही सांगितलं. हे चालतं ना?

केळव्याला कधी नेशील? तुझ्या विहिरीतलं कासव अजून आहे का?

तुझी लाडकी,
अपू


केळवे,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षा हिस,
गोड पापा आणि आशीर्वाद.

कासव आहे. तुझ्यासारखंच आहे, डिवचलं तरच डोकं बाहेर काढतं. लाल शाई लावलेली नाही.

तुझी शप्पथ पाळते. पण पुढच्या वेळी थंडी भरली तर आईला सांगायचं, आणि रुमाल काढून दाखवायचा. दादाच्या शिळेसाठी तू सुया टोचून घ्यायची गरज नाही. त्याच्या शिळेचं आपण दुसरं काही तरी बघू. मी एप्रिलात येते, तोवर नीट राहा. वार्षिक परीक्षेचा अभ्यास कर.

तुझी,
आत्या


मुंबई,
२४ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितोय. बाबांनी तुला कळवलं असेल, नसेल तर ऐक.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी अपूला पहिल्यांदा पाळी आली. आईनं मला सांगितलं नाही, लाजली. बायकांचं म्हणून आत ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती पोर मोरीतून उठू शकली नाही तेव्हा मला हाक मारली. चेहरा बघून मी ओळखलं की या वेळी खरं आहे. आत्या, ‘या वेळी खरं’ असेच शब्द माझ्या डोक्यात आले.

नर्सिंग होम, कागद, पालघर. हेमालीनं सुट्टी असून येऊन पिशव्या काढून दिल्या. एक चढवली, फरक नाही. थंडी, ताप, दात वाजायला लागले. दुसरी, तिसरी. पाण्यात ओतल्यासारख्या गेल्या. बोईसरच्या डॉक्टरनं हात वर केले, नि ॲम्ब्युलन्स करून इथं आणली. बाबा तिच्या पायाशी बसले होते. नुसते पाय धरून.

इथं त्याच डॉक्टरीणबाई आहेत, केस पिकलेत. रक्त तपासून त्यांनी मला नि बाबांना बोलावलं. अपूच्या अंगात प्लेटलेटविरुद्ध फौज तयार झालीय म्हणाल्या. कुणाचीही पिशवी लावा, ती फौज तासाभरात फडशा पाडते. किती वेळा दिल्या होत्या असं विचारलं. बाबा अभिमानानं म्हणाले, पोरगा हाय ना आमचा, कदी कमी नाय पडू दिलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

आता वेगळं इंजेक्शन चालू आहे, दर दोन-तीन तासांनी. ते बोईसर-पालघरला मिळत नाही. रक्तही चढवतात. आज नववा दिवस. कमी आहे, थांबलेलं नाही. हाक मारली तर डोळे उघडते नि परत मिटते. बाई म्हणतात, आज-उद्या कळेल.

आता ऐक. नऊ वेळा पिशव्या दिल्या या खेपेच्या आधी. गुडघा खरा होता. एकदा हिरडीतून दोन दिवस येत होतं, ते खरं. बाकीच्या वेळी मी थांबलो नाही कारण मला पालघरला जायचं होतं. असं मी ठरवून केलं नाही, तेवढं समज. पण नाकातून रक्त दिसलं की भीतीबरोबर एक आनंद व्हायचा. तो आनंद मला ओळखता येत होता.

हेमालीला काल फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली की मुंबईला सांगितलंय असं मी तिला खोटं बोललो, नि तिला न विचारता या पापात भागीदार केलं. माझ्या प्रत्येक पिशवीवर तिच्या हातचं लेबल आहे. परत फोन करू नको म्हणाली. बरोबर आहे तिचं.

बाबांना ठाऊक नाही. ते अजून भेटायला येणाऱ्यांना सांगतात, पोरानं रक्त दिलं म्हणून. सांगू का? तू सांग म्हणालीस तर सांगतो.

माया तोडायची असेल तर आत्ता तोड, मी काही म्हणणार नाही.
दर्पण


केळवे,
२८ मार्च २०२५

दर्पण,
आशीर्वाद.

काल अपेक्षाचं रक्त थांबल्याचा निरोप तुझ्या आईनं शेजारच्यांच्या फोनवर दिला. शेजारणीनं तो पाटीवर लिहून मला दाखवला. पाटी मी अजून पुसू दिलेली नाही.

तू विचारतोस सांगू का. आधी माझं ऐक. मला फेब्रुवारीत कळलं होतं. अपूनं लिहिलं होतं की तू घाई करतोस, पोचायच्या आधी रक्त थांबलेलं असतं, आणि पिशवी लावल्यावर तिला थंडी भरते. तिनं शप्पथ घातली होती. मी छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं, पोरांच्या शपथा कधी मोडायच्या हे मला कळायला हवं होतं. त्याच दिवशी रिक्षा करून दांडीला यायला हवं होतं. मी एप्रिलचा वायदा केला. कारण सांगते. तुझ्या पत्रांत पहिल्यांदाच तू कुणावर चिडलेला नव्हतास, आणि मला ते वाचायला आवडत होतं. त्या पोरीसारखाच मीही रुमाल धरून ठेवला.

तेव्हा तुला क्षमा करायला मी मोकळी नाही. माया तोडायचा प्रश्नच नाही, पण तिचा उपयोग काय झाला तो तू बघतोस.

कमलाकांतला सांग. दुसऱ्याकडून कळायच्या आत सांग. तो मारेल तर मार खा. बोलणार नाही, त्याची तयारी ठेव. आणि माझा वाटाही सांग.

वत्सला


दांडी,
२० एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आम्ही घरी येऊन बारा दिवस झाले. अपू अंथरुणावर बसते, पेज खाते. पाळी येऊच नये म्हणून रोज गोळी आहे. ती किती वर्षं, ते बाईंनी सांगितलं नाही. आता नवीन कार्ड आहे, लाल. त्यावर मोठ्या अक्षरांत, प्लेटलेट देऊ नयेत. ते इंजेक्शन फक्त मुंबईत, म्हणजे इथून साडेतीन तास. तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होईल.

बाबांना सांगायला मी चार दिवस धीर गोळा करत होतो, तर सोडायच्या आदल्या दिवशी बाईंनीच एक तक्ता दिला. आजवर दिलेली प्रत्येक पिशवी, तारीख, प्रमाण नि कारण. पालकाची सही. तारखा माझ्याकडेच होत्या. पहिले दोन रकाने पाच मिनिटांत भरले. कारणाच्या रकान्याला मला सगळी दुपार लागली. आधी सगळीकडे ‘नाकातून रक्त’ लिहिलं. मग खोडलं. बाई पुढचे उपचार हा कागद बघून ठरवणार होत्या, तिथं खोटं लिहिता आलं नाही. नऊपैकी सात ओळींत लिहिलं, गरज नव्हती, भावाच्या आग्रहावरून.

बाबांना चष्म्याशिवाय दिसत नाही. म्हणाले वाचून दाखव. अपूच्या खाटेशी उभं राहून मी बाराही ओळी वाचल्या. सातव्या ओळीपर्यंत त्यांना वाटलं मी डॉक्टरचं काहीतरी वाचतोय. मग त्यांनी विचारलं, भाऊ म्हणजे कोन. मी म्हणालो मी. का गेलो तेही सांगितलं, हेमालीचं नाव घेऊन. तुझा वाटा सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. मारलं नाही. पेन मागितलं, सही केली, कागद बाईंना स्वतः नेऊन दिला नि रात्रभर बाकावर माझ्याकडे पाठ करून झोपले. अपूनं सगळं ऐकलं. ती भिंतीकडे बघत होती. नंतर म्हणाली की आता मला कुणी केळव्याला पाठवणार नाय.

घरी आल्यापासून बाबा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. आई वाढते, ते उठून जातात.

काल दुपारी अपूच्या नाकातून रक्त आलं. मुंबईहून आल्यावर पहिल्यांदाच. आई रडायला लागली. बाबा अनवाणी नाक्यावर धावले नि रिक्षा घेऊन दारात आले, हाक मारायला लागले, पोरीला उचला, चला. मी अपूला पुढे वाकवलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला नि घड्याळ समोर ठेवलं. बाबा खांद्याला धरून मला ओढायला लागले. मी सांगितलं, बाबा, कुठं जायचं? पालघरला आता आपल्यासाठी काही नाही. मुंबई साडेतीन तास. बसा. ते बसले नाहीत, पण खांदा सोडला.

वीस मिनिटं झाली, चालूच. गोळी दिली. माझा अंगठा बधिर झाला तरी बदलला नाही, सोडलं की पहिल्यापासून मोजायचं असतं. अपू माझ्या मनगटावर श्वास घेत होती, गरम. तिनं एकदाही रुमाल मागितला नाही. तिसाव्या मिनिटाला मला वाटलं, उठावं, काहीही करावं, कुणाच्या तरी टेबलावर हात आपटावा. ज्याच्यावर आपटायचा असं टेबलच कुठं उरलं नव्हतं. मी तसाच बसलो.

बावन्नाव्या मिनिटाला थांबलं. अपू तिथंच माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून झोपली, म्हणून हललो नाही. बाबा दारातच होते. रिक्षावाला दोनदा विचारायला आला, जाऊ का. बाबांनी त्याला जाऊ दिलं नाही. अंधार पडेपर्यंत रिक्षा दारात उभी होती नि बाबा तिच्या मागच्या सीटवर बसून होते, घराचं दार उघडं ठेवून.

तू ये. लोभाचं तू बघ.
दर्पण